तांबडा पट्टा: कोरड्या विहिरीत लाव्हा कसा वाचायचा

मे महिन्यात विहिरीचा तळ उघडा पडला की घरचे लोकही तिच्याकडे बघेनासे होतात. विहीर वाचायची असेल तर मात्र हाच महिना. अकरा ते एकच्या दरम्यान ऊन थेट आत उतरतं आणि काठापासून तळापर्यंतचा सगळा खडक उजळून निघतो. जालना, गेवराई, मानवत, कळंब, मराठवाड्यातल्या कुठल्याही शिवारात बघा, क्रम साधारण असाच दिसेल: वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेला पिवळट मुरूम, मग पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांचा भुरा खडक, मग पहारीला दाद न देणारा काळा फत्तर. पुष्कळ विहिरींत या फत्तराच्या पोटाखाली विटेच्या रंगाचा एक आडवा पट्टा असतो, कुठे वीतभर, कुठे पुरुषभर जाड. आणि पट्ट्याखाली पुन्हा तोच ठिपक्यांचा खडक, पुन्हा फत्तर.

ठिपक्यांचा खडक आणि त्याखालचा फत्तर ही एक जोडी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट. विहिरीला पाणी किती, ते किती दिवस पुरेल, बोअर कोरडं का गेलं, चांगलं लागलेलं बोअर दोन वर्षांत का बुजलं, हे सगळं बऱ्याच अंशी या लोटांच्या क्रमावरून ठरतं. पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला का, हे विचारण्याआधी शेजारच्या विहिरीत तांबडा पट्टा किती फुटांवर आहे ते विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोट कसा थिजला

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकताना एका उष्ण स्थानावरून जात होता. हिंदी महासागरातलं रीयुनियन बेट आज त्याच स्थानावर आहे. जमीन भेगाळली आणि भेगांतून शिलारस वर आला. तोंडाशी विवर असलेला निमुळता डोंगर इथे डोळ्यांसमोर आणू नये. लांबच लांब भेगा, त्यांतून वाहणारा अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसचा पातळ रस, आणि तो पसरेल तिथवर सपाटी. मधल्या काळात शांतता, मग पुन्हा लोट. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत उरकला. आज या खडकानं व्यापलेला भाग सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. थरांची एकूण जाडी पश्चिमेला सह्याद्रीत सर्वांत जास्त, आणि पूर्वेकडे ती उतरत जाते.

या खडकाला इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ शब्द स्वीडिश, अर्थ जिना. खुलताबादच्या घाटातून किंवा मांजरसुंब्याकडून बालाघाटाकडे बघितलं की शब्द पटतो. माथे पाटासारखे सपाट, मग उभा कडा, मग गवताचा उतार, परत कडा. कडा म्हणजे लोटाचा घट्ट मधला भाग. उतार म्हणजे वरचा सच्छिद्र भाग आणि तांबडा पट्टा, जे झिजून मागे सरकतात. डोंगरात जो जिना बाहेरून दिसतो तोच विहिरीत आतून दिसतो.

एक लोट आला म्हणजे दहा-वीस मीटर उंचीची आगीची लाट आली असं नव्हे. आधी फूट-दीड फुटाची जीभ पुढे यायची, तिच्यावर कातडं धरायचं आणि मागून येणारा रस त्या कातड्याखाली शिरून त्याला वर उचलायचा. तव्यावरची भाकरी पापुद्रा धरून फुगते, तसंच. फरक इतकाच की भाकरीत वाफ शिरते, इथे रस शिरत होता. साय घट्ट होण्याचा वेग हवाई बेटांवर मोजलेला आहे. त्या वेगानं हिशोब केला तर वरची साय एक मीटर जाड व्हायला आठवडाभर लागतो, पाच मीटरला पावणेसहा महिने, दहा मीटरला जवळजवळ दोन वर्षं. जाडी दुप्पट हवी तर वेळ चौपट.

यामुळे लोटाचे तीन भाग पडतात. वरचा भाग लवकर थिजतो, म्हणून रसातले वायूचे बुडबुडे जागच्या जागी अडकतात. मधला भाग सावकाश थिजतो, बुडबुडे निघून जातात आणि उरतो तो एकजीव फत्तर. थंड होताना तो आकसतो आणि उभा तडकतो. या तड्यांना आम्ही सांधे म्हणतो, आणि फत्तरात पाणी मिळालं तर यांच्यातच मिळतं. सगळ्यात खाली जमिनीला टेकलेला हात-दोन हातांचा भाग पुन्हा बुडबुड्यांचा. त्यात करंगळीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसतात. ओल्या जमिनीची वाफ आणि रसातला वायू वर चढताना त्या झाल्या. नीट बघा, बऱ्याचदा या नळ्या एकाच बाजूला वाकलेल्या असतात. लाव्हा ज्या दिशेला वाहत होता ती दिशा तीच. विहिरीच्या भिंतीवर इतकी स्वच्छ खूण दुसरी सापडत नाही.

ठिपक्यांचा खडक म्हणजे मांजऱ्या. बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे लाखो वर्षं पाणी मुरलं आणि खनिजं जमली, तेच ठिपके. ताजा फोडलेला तुकडा हातात घेतला तर पोकळीला आतून बहुधा हिरवट अस्तर असतं. ते सेलॅडोनाइट. त्याच्या आत पांढरं किंवा फिकट गुलाबी, पेंढीसारखं बांधलेलं स्टिल्बाइट, मोत्यासारखी चमक असलेलं ह्यूलंडाइट, चौकोनी खांबासारखं ॲपोफिलाइट, किंवा साधी गारगोटी. ओळखायला सोपी रीत: काचेवर ओरखडा उठला तर गारगोटी. चाकूच्या टोकानं खरवडलं गेलं आणि पुडीवर लिंबू पिळल्यावर बारीक फेस आला तर कॅल्साइट. चाकूनं खरवडलं पण फेस नाही, तर झिओलाइटपैकी, म्हणजे स्टिल्बाइट-ह्यूलंडाइटच्या गटातलं, काहीतरी. अजिंठा डोंगराच्या खाणींतून निघालेले असे खडे संग्राहकांच्या कपाटांत जगभर पोचले आहेत. आपल्याकडे मात्र ते बहुधा खडी क्रशरमध्ये जातात.

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट अशी की पोकळ्या भरलेला ताजा मांजऱ्या पाणी देत नाही. ठिपके मोजून पाणी सांगणारे इथे फसतात. मांजऱ्या कुजला पाहिजे, त्याला आडव्या भेगा पडल्या पाहिजेत, पोकळ्यांतला माल काही अंशी विरघळून गेला पाहिजे. हातोडीचा आवाज हीच कसोटी. खणखणीत वाजला तर कोरडा, भदभद वाजला आणि कोपरे हातानं सुटले तर पाण्याचा.

आता तांबडा पट्टा. दोन लोटांच्या मधल्या शांततेत खालच्या लोटाचा माथा उन्हापावसात कुजला, त्यावर धूळ आणि कुठे राख पडली. मग पुढचा लोट त्यावरून आला आणि सगळं भाजून निघालं. खडकातलं लोह गंजून तांबडं झालं. सगळेच पट्टे एकाच रीतीनं तयार झाले असं नाही, आणि काही तांबडे नसून हिरवट किंवा जांभळटही असतात. विहिरीच्या दृष्टीनं महत्त्वाचा त्याचा स्वभाव. ओला असताना साबणासारखा, नख रुततं. वाळला की तडकून सुपारीएवढ्या चौकोनी खड्यांत गळतो. चिकणमातीचं प्रमाण इतकं की पाणी त्यातून खाली जवळजवळ जात नाही. म्हणून पट्ट्याच्या वर एक पाणी असतं आणि पट्ट्याखाली दुसरं. दोन्हींची पातळी वेगळी, दोन्हींचा स्वभाव वेगळा. मराठवाड्यातले बहुतेक घोटाळे ही दोन पाणी एकच समजण्यातून होतात.

विहिरीच्या भिंतीवरून हात फिरवताना

साहित्य फार लागत नाही: दर फुटाला गाठ मारलेला दोर, खाली वजन, वही, आणि भिंत धुवायला पाण्याची पाईप. वर्षानुवर्षांचा गाळ आणि शेवाळ भिंतीवर चढलेलं असतं. धुतल्याशिवाय पट्टाही काळाच दिसतो. काठापासून मोजायला सुरुवात करा, कारण काठ जागचा हलत नाही. तळ दर गाळ काढणीला बदलतो.

चारही बाजूंना मोजा. पट्टा पूर्वेला ३४ फुटांवर आणि पश्चिमेला ३६ फुटांवर असेल तर पाणी कुणीकडून येतं याचा अंदाज लगेच येतो. लाव्ह्याचे थर बघताना सपाट वाटले तरी ते जुन्या चढउतारांवर बसलेले असतात. पट्ट्याच्या माथ्यावरून सरकत पाणी उताराकडे जातं. शेजारच्या तीन-चार विहिरींची अशी मापं घेतली आणि काठांची उंची साध्या नळीतल्या पाण्याच्या पातळीनं जुळवली, तर गावाखालचा उतार कागदावर येतो.

पाण्याच्या खुणा खडकापेक्षा झाडं चांगल्या दाखवतात. मे महिन्यातही हिरवा असलेला हंसराज नेचा जिथे चिकटलेला असेल तिथे ओल आहे. तो बहुतेक वेळा आडव्या रांगेत, पट्ट्याच्या नेमका वर उगवतो. पांढऱ्या क्षाराची रेघ दिसली तर तिथे पूर्वी पाझर होता, आता सुकत चालला आहे. पारव्यांची घरटी मांजऱ्याच्या कुजलेल्या कपारींत असतात, फत्तरात त्यांना जागाच मिळत नाही. उंबराची मुळी ज्या सांध्यात शिरली आहे तो सांधा आत दूरवर उघडा आहे, असं समजायला हरकत नाही. पण ती मुळी पुढे कडा उचकटते, म्हणून लहान आहे तोवर छाटलेली बरी.

विहिरीत पडझड बहुधा पट्ट्यापासून सुरू होते. दर उन्हाळ्यात तो वाळतो, गळतो, इंच-दोन इंच आत जातो. दहा-पंधरा वर्षांत फत्तराचं पोट अधांतरी लोंबायला लागतं, आणि सांधे उभे असल्यामुळे एक दिवस खोलीएवढा धोंडा खाली येतो. लोंबणाऱ्या फत्तराखाली उभं राहून मोजमाप करू नये, हे वेगळं सांगायला नको. बांधकाम करायचं तर पट्ट्याखाली घट्ट मांजऱ्यात खाच घेऊन तिथून दगडी कडं उचलावं, फत्तराच्या पोटाला टेकवावं, आणि दर दोन-तीन फुटांवर पट्ट्याच्या माथ्याशी पाईपचे तुकडे सोडावेत. हे तुकडे विसरले की कडं पाण्याचा झरा अडवतं, मागे दाब साठतो आणि पावसाळ्यात कडंच फुगून बाहेर येतं. विहीर खोल करताना पट्टा लागला की सुरुंग थांबवावेत. एक तर त्याची गरज नसते, पहार पुरते. दुसरं म्हणजे स्फोटानं उडालेला लाल चिखल वरच्या झऱ्यांच्या तोंडांत जाऊन बसतो.

थोडं गणित. कुजलेल्या बेसॉल्टमधून, म्हणजे लाव्ह्याच्या याच खडकातून, वापरायला मिळणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के, हिशोबाला २ धरतात. एक हेक्टर जमिनीखालची पातळी ३ मीटरनं उतरली तर हाती आलं ते १०,००० गुणिले ३ गुणिले ०.०२, म्हणजे ६०० घनमीटर, ६ लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. तेच पाणी त्या हेक्टरवर सारखं पसरलं तर ६० मिलिमीटर भरतं, म्हणजे पाटानं दिलेली जेमतेम एक पाळी. उसाला वर्षात हेक्टरी २० हजार घनमीटरच्या पुढे पाणी लागतं. वरून येण्याची बाजूही तोकडी आहे. भूजल मोजणीत कुजलेल्या बेसॉल्टसाठी पावसाच्या ७ टक्के आणि सच्छिद्र, सांधेदार बेसॉल्टसाठी १३ टक्के पाणी मुरतं असं धरतात. ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर मुरलं ४९ ते ९१ मिलिमीटर. या आकड्यांशेजारी ऊस मांडला की वाद घालायला फारसं काही उरत नाही.

आडवे बोअर हा आपल्याकडचा चांगला उपाय आहे, फक्त जागा चुकते. दोन-अडीच इंची भोक, साठ ते शंभर फूट लांब, तोंडाकडे किंचित उतार ठेवून, म्हणजे आतलं पाणी आपोआप बाहेर येतं. ते तांबड्या पट्ट्याच्या लगत वर, सांधे असलेल्या भागात घ्यावं, नाहीतर कुजलेल्या मांजऱ्यात. मशीनवाल्याला उभं राहायला फळी जिथे बसते तिथे, म्हणजे फत्तराच्या मधोमध, मारलेली आडवी बोअर अनेक विहिरींत दिसतात. सगळी कोरडी. सांधे उभे असतात, म्हणून त्यांना आडवं छेदणं बरोबर, पण मधल्या फत्तरात ते घट्ट मिटलेले असतात. दिशा चढाकडची घ्यावी. शेजाऱ्याच्या विहिरीकडे तोंड करून घेतलेलं बोअर नवं पाणी आणत नाही, त्याचंच इकडे आणतं, आणि पुढच्या वर्षी तोही मशीन आणतो.

याहून वाईट चूक म्हणजे विहिरीच्या तळात उभं बोअर. पूर्वी यात फायदा व्हायचा. पट्टा फुटला की खालचं कोंडलेलं पाणी वर चढून यायचं. आता आजूबाजूच्या खोल बोअरांनी खालचा थर उपसून ठेवला आहे. पट्ट्याला भोक पडलं की वरचं पाणी खाली उतरतं. लक्षण ओळखायला सोपं: मोटर बंद असताना रात्रीतून विहिरीची पातळी घटते आणि तळातल्या भोकाशी कान लावला तर घळघळ ऐकू येते. लोक म्हणतात झरे आटले. झरे चालू असतात, विहिरीला तळ राहिलेला नसतो. उपाय आहे. बोअरमध्ये पट्ट्याच्या पातळीच्या खाली अडसर बसवून त्यावर चिकणमाती आणि सिमेंटचा बूच, निदान दोन-तीन मीटर उंचीचा. नुसती माती ओतून भागत नाही, ती खाली निघून जाते.

बोअरचा चुरा

बोअरची गाडी आली की सगळ्यांचे डोळे पाण्याच्या फवाऱ्याकडे. लक्ष ठेवायचं ते चुऱ्यावर. दर पाईप आत गेला की मूठभर चुरा घ्यावा, धुवावा, कागदावर ठेवून खोली लिहावी. राखाडी, पिठासारखी पूड म्हणजे फत्तर. ठिसूळ तपकिरी चुऱ्यात पांढरे चमकते कण म्हणजे मांजऱ्या. लाल चिखल म्हणजे पट्टा. लाल चिखल लागल्यानंतर लगेच पांढऱ्या कणांचा चुरा आणि पाणी वाढलं, तर दुसऱ्या लोटाचा माथा लागला. तो पार झाला आणि पुन्हा राखाडी पूड सुरू झाली, ती तीन-चार पाईप तशीच राहिली, की थांबायचा विचार करावा. “मालक, अजून शंभर फूट मारून बघू का?” या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर असतं. फुटामागे पैसे घेणाऱ्याकडे ते नसतं.

केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घालायचा पाईप, साधारण घट्ट खडक लागेपर्यंतच घालतात, वीस-चाळीस फूट. तांबडा पट्टा त्याच्या खाली उघडाच राहतो. मोटर चालू-बंद होताना पाणी वर-खाली होतं, पट्टा भिजतो, वाळतो, गळतो आणि एक दिवस मोटर आत अडकते. पट्टा जाड असेल तर पहिल्याच दिवशी पूर्ण खोलीपर्यंत पीव्हीसी पाईप सोडावा: पट्ट्यासमोर सलग, पाण्याच्या मांजऱ्यासमोर खाचांचा. उलट झालं की खाचांतून लाल चिखल येतो आणि सहा महिन्यांत पंपाचे पंखे झिजतात. सरसकट सगळ्या पाईपला खाचा पाडून घेणारेही आहेत.

“अडीच इंची पाणी लागलं” हा शब्दही जपून घ्यावा. कॉम्प्रेसर बोअरमध्ये साठलेलं आणि जवळच्या भेगांतलं पाणी एकदम बाहेर फेकतो. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला सुमारे २१ लिटर पाणी मावतं, म्हणजे शंभर फूट पाण्याचा खांब जेमतेम ६५० लिटर. २५ फूट व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे ४५ हजार लिटर. तेवढं पाणी साठवायला दोन किलोमीटर खोल बोअर लागेल. मोटर बसवल्यावर सलग सहा-आठ तास चालवून दर तासाला २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते टिपावं. ८० सेकंद म्हणजे तासाला ९,००० लिटर. पहिल्या तासाला ८० आणि सहाव्या तासाला २०० सेकंद लागले तर खरा आकडा सहाव्या तासाचाच.

खोलीबद्दल एवढंच. २००९च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या, खाली शेती-उद्योगासाठी विहीर घेण्याला मनाई आहे. प्रत्यक्षात गाड्या पाचशे-सातशे फूट जातात. तिथेही लोटांचे माथे आहेत, पाणीही लागतं, पण त्या थरांना वरून पाऊस पोचायला तांबड्या पट्ट्यांच्या कित्येक चाळण्या पार कराव्या लागतात. उपसलं ते परत भरायला किती वर्षं लागतील याचा भरवसा नाही. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

दगड ओळखणारे

वेरूळच्या कड्यात दोन किलोमीटरच्या पट्ट्यात ३४ लेणी आहेत. कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, माथ्याकडून खाली कोरत आणलं. असं काम जाड, एकजीव फत्तरातच जमतं. मधे उघडा सांधा किंवा मऊ पट्टा आला तर वर्षांची मेहनत वाया. तिथे गेलात तर मूर्तींबरोबर भिंतीही बघा, खांबांवर झिओलाइटचे पांढरे ठिपके दिसतील, आणि पावसाळ्यात कुठल्या भेगेतून पाणी झिरपतं तेही. अजिंठ्याच्या चित्रांना असाच झिरपा छळत आला आहे.

पाण्याच्या बाजूनं हुशारी दिसते ती सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं खडकी गावात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, आणलेल्या नहरीत. डोंगरपायथ्याच्या कुजलेल्या खडकात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गानं, नुसत्या उतारावर, शहरात आलं. पंपाशिवाय. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची चक्राकार बारव किंवा चारठाण्याची बारव बघताना पायऱ्यांचं कौतुक होतंच. त्यासोबत हेही बघावं की बारवा वरच्या मुरूम-मांजऱ्याच्या पाण्यावर बांधल्या आहेत, जे पाणी दर पावसाळ्यात परत येतं.

हाच वरचा थर आपण नाला खोलीकरणात उकरून बाहेर टाकतो. नाल्यातला गाळ काढणं बरोबर. गाळाखालचा मुरूम उचलणं म्हणजे पाण्याची टाकीच फोडून नेणं. फत्तर उघडा पडला की नाल्यात पाणी दिसतं खरं, पण ते उभं असतं, मुरत नाही, आणि काठच्या विहिरींचं पाणी उलट नाल्यात येऊन उन्हानं उडून जातं. शेततळं काळीत घ्यावं आणि पाझर तलाव मुरमात. अदलाबदल केली तर शेततळं गळतं आणि पाझर तलावात म्हशी डुंबतात.

काळी माती हीदेखील याच खडकाची राख म्हणा. फत्तर कुजताना आधी कांद्यासारखे पदर सुटतात, मग मुरूम, मग चिकण. तिच्यातली खनिजं पाण्यानं फुगतात आणि उन्हानं आकसतात, म्हणून मार्चपासून हात जाईल एवढ्या भेगा. चुना भरपूर, लोहही भरपूर, तरी सोयाबीन नि मोसंबी पिवळी पडतात. चुन्यामुळे लोह मुळाला लागू होत नाही, म्हणून जमिनीत टाकण्यापेक्षा पानांवर फवारलेलं फेरस सल्फेट लवकर लागू पडतं. माथ्यावरच्या वीतभर मुरमाड जमिनीत मात्र भारी पिकांचा हट्ट करू नये. तिथे कुसळी गवत, तरवड, बोर, आणि बालाघाटावर सीताफळ. सीताफळाची मुळी कुजलेल्या मांजऱ्याच्या भेगांत शिरून उन्हाळा काढते.

लाव्हा जिथे संपतो

दक्षिणेला उदगीर-निलंग्याकडे वरच्या लोटाचा माथा इतका कुजला आहे की त्याचा जांभा झाला आहे. औसा तालुक्यातली खरोशाची लेणी या जांभ्यात कोरलेली, म्हणून त्यांच्या मूर्ती वेरूळपेक्षा कितीतरी झिजल्या आहेत. जांभ्यात पाणी झपाट्यानं मुरतं आणि तितक्याच झपाट्यानं बाजूला निघून जातं, त्यामुळे तिथल्या उथळ विहिरी दिवाळीनंतर लवकर उतरतात.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा लाव्ह्यालाच दोष देणारे बरेच होते. पुढे तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. लाव्ह्याची जाडी निघाली ३३८ मीटर, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग कोट्यवधी वर्षं जुना स्फटिकी खडक. हालचाल झाली ती त्या जुन्या खडकात, कित्येक किलोमीटर खाली. लाव्हा म्हणजे वरचं झाकण. माणसं मात्र मेली ती याच काळ्या दगडाच्या भिंतींखाली. गोल, अनघड धोंडे, काळ्या मातीचा गारा, दोन-अडीच फूट जाड भिंत, तिच्या आतल्या-बाहेरच्या थरांना जोडणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर माळवदाची टनावारी माती. असं घर हललं की भिंतीचे दोन थर सुटे होऊन दोन बाजूंना फाकतात. दगडी घर आजही बांधायला हरकत नाही, पण दर दोन फूट उंचीला आणि चार फूट अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीचा दगड हवा, आणि दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा पट्टा.

नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेलं की झाकण पातळ होत होत संपतं. रस्त्याकडेला गोलाकार, पिवळट-गुलाबी धोंड्यांचे ढीग दिसू लागतात, तो ग्रॅनाइट. त्याच्यात लोट नाहीत, मांजऱ्या नाही, तांबडा पट्टाही नाही. वर कुजलेला भुरभुरीत थर आणि खाली वाटेल तिकडे गेलेल्या भेगा. जालन्याकडे अनुभव घेतलेला मशीनवाला इथे आला की “पट्टा लागेपर्यंत जाऊ” म्हणतो आणि चारशे फूट कोरडं काढून ठेवतो.